कोंबडीला काय म्हणतात

तानाजी परब ओमानमधल्या सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, पक्ष्यांच्या दुकानात कामाला होता. दुकान मुआज नावाच्या ओमानी माणसाचं, त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं. पुढच्या बाजूला पोपट, लव्हबर्ड आणि कबुतरांचे पिंजरे, आणि मागच्या अंगाला जाळीच्या खुराड्यांत गावठी कोंबड्या, बदकं, चार-पाच गिनी कोंबड्या आणि टर्कीची एक जोडी. तानाजी कणकवलीजवळच्या एका खेड्यातला. बायको सुरेखा गावी, तो पंधरा वर्षं इथे. पक्ष्यांना दाणापाणी करणं, आजारी पक्षी बाजूला काढणं, गिऱ्हाईक बघणं, सगळं तोच करायचा. मुआज दुपारपर्यंत एखादी चक्कर मारायचा.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. सकाळी साडेदहाला दाण्याचा ट्रक आला, आणि तानाजी पोती उतरवून घेत असतानाच एक म्हातारी दुकानात शिरली. उंच, काटकुळी, काळीभोर. कमरेला निळ्या नक्षीचं कापड गुंडाळलेलं, डोक्याला त्याच कापडाचा फेटा, पायात रबरी चपला. तिने पोपटांकडे पाहिलंही नाही. सरळ मागे खुराड्यांपाशी गेली आणि म्हणाली, “आजुवे.”

तानाजीने पोतं खाली ठेवलं. त्याला ऐकू आलं ते “आज होये”. त्याच्या मालवणीत ‘होया’ म्हणजे पाहिजे. या दुकानात पंधरा वर्षांत त्याने अरबी ऐकली होती, मल्याळम, हिंदी, बंगाली ऐकली होती. पण एखादं गिऱ्हाईक त्याच्या गावच्या बोलीत कोंबडी मागेल असं कधी घडलं नव्हतं. त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “आजच होया? मगे घेवा.”

म्हातारीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग तपकिरी कोंबडीकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाली, “आजुवे.” तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की ही कुठली तरी लांबची भाषा आहे, आणि तो स्वतःशीच हसला.

कोंबडी कशी पारखायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने कोंबडीच्या छातीचं हाड चाचपलं, शेपटीखालच्या पिसांवर फुंकर मारून कातडी पाहिली, पहिली दोन परत दिली आणि तिसरी पसंत केली. मग स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला आणि दोन्ही हातांचा पाळणा केला. घरात कुणी बाळंतीण आहे, हे तानाजीला कळलं. शेजारी कोंबडी कापून देणारा होता, तिकडे त्याने खूण केली, तर तिने मान हलवली. जिवंतच हवी होती. त्याने पाय बांधून कोंबडी तिच्या हातात दिली.

पैसे देऊन ती दारापर्यंत गेली आणि थांबली. रस्त्याकडे हात करून काहीतरी म्हणाली. उत्तर आलं नाही तसं पुन्हा म्हणाली. ट्रकचा ड्रायव्हर बाहेरून हॉर्न मारत होता, दोन पोती अजून वरच होती. तानाजीला वाटलं, आभार मानत असेल. “खलास, अम्मा, खलास,” तो म्हणाला आणि ट्रककडे वळला. वळून पाहिलं तेव्हा ती निघून गेली होती.

बारा वाजून वीस मिनिटांनी ती परत आली.

कोंबडी काखेतच होती, चोच उघडी टाकून धापा टाकत होती, आणि म्हातारीची अवस्था त्याहून वेगळी नव्हती. फेटा सुटून खांद्यावर आला होता. चपलांवर वाळू, ओठ कोरडे. ती दुकानाच्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि मघाचंच वाक्य म्हणाली, रस्त्याकडे तसाच हात करून. या वेळी तानाजीला त्याचा अर्थ कळला. माझं घर कुठे आहे, असं ती विचारत होती. मघाशीही तेच विचारत होती.

ही बाई दीड तास उन्हात फिरली, आणि आपण तिला ‘खलास’ म्हणून वाटेला लावलं.

त्याने पाण्याची बाटली दिली. तिने ती घेतली, पहिलं झाकणभर पाणी कोंबडीच्या चोचीत सोडलं, मग उरलेली एका दमात रिकामी केली. पण एसी असलेल्या आतल्या भागात यायला ती तयार होईना. दुकानाबाहेर छपराखाली बाकडं होतं, तिथे बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक टॅक्सीकडे निरखून बघू लागली. तानाजीने मोबाइल समोर धरून बोटाने नंबर दाबल्याची खूण केली. तिने रिकामे हात दाखवले. कमरेच्या गाठीतून एक किल्ली आणि राहिलेली थोडी चिल्लर काढून दाखवली. एवढंच होतं तिच्याजवळ.

मुआज आला तेव्हा तानाजीने त्याला सगळं सांगितलं, स्वतःची चूकही.

“तू काय करणार होतास,” मुआज म्हणाला. “तुला तिची भाषा येत नाही.”

“थांबवायला तर हवं होतं, अर्बाब. ती दोनदा विचारत होती.” मालकाला तो अर्बाबच म्हणायचा.

मुआजने पोलीस ठाण्यात फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. अशी कुणी हरवल्याची तक्रार अजून आलेली नाही, फोटो पाठवा, सावलीत बसवा, थोड्या वेळात गाडी पाठवतो, असं सांगितलं. फोटो काढायला मोबाइल वर केला तर म्हातारीने तोंड फिरवलं आणि कोंबडी छातीशी घट्ट धरली.

“कुठली असेल?” मुआजने विचारलं.

तेव्हा तानाजीला फोलाशादे सिस्टर आठवली. दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात ती नर्स होती, नायजेरियाची. महिन्यातून एकदा आपल्या लव्हबर्डसाठी दाणे न्यायला यायची. सगळे तिला शादे सिस्टर म्हणत. पिंजऱ्यांसमोर उभी राहून ती तानाजीला तिच्या योरुबा भाषेतली नावं सांगायची. पक्षी म्हणजे एये. कबुतर म्हणजे एयेले, म्हणजे घरातला पक्षी. घारीला ‘आशा’ म्हणतात हे ऐकून तानाजी बराच वेळ हसला होता, कारण त्याच्या मोठ्या वहिनीचं नाव आशा होतं आणि ते तिला शोभूनही दिसत होतं.

त्याने शादेला फोन लावला. “सिस्टर, एक अम्मा आहे. वाट चुकली आहे. मला वाटतं तुमच्या देशाची.”

“फोन तिच्या कानाला लाव,” शादे म्हणाली.

म्हातारी आधी फोनपासून दूर सरकली. मग आतून येणारा आवाज ऐकून तिने मान वाकडी केली. तिचा चेहरा उजळला. तिने भरभर काहीतरी सांगितलं, थांबली, ऐकलं, पुन्हा सांगितलं. आणि मग हळूहळू तो उजेड विझत गेला. तिने फोन तानाजीच्या हातात परत दिला.

“ती योरुबा बोलत नाही,” शादे म्हणाली. “आणि गंमत बघ, मधूनच एखादा शब्द माझ्याच घरातला वाटतो. पुढचा शब्द आला की दार बंद. इंग्रजीचा तर पत्ताच नाही. एक वाजता माझा दवाखाना सुटतो. मी येते. तोवर तिला ऊन लागू देऊ नकोस, आणि काहीतरी गोड दे.”

तानाजी बाकड्यावर तिच्या शेजारी जाऊन बसला. मुआजने ज्यूसचे दोन डबे आणून ठेवले. तिने ते बाजूला सारले. हवा दमट होती, समुद्राच्या बाजूने मासळीचा वास येत होता. मासळी बाजाराकडच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू होते आणि त्यांत दहा-बारा बगळे चरत होते. एका मोटारसायकलच्या आवाजाने ते उठले आणि दुकानांच्या डोक्यावरून संथपणे उडत गेले.

म्हातारीने वर पाहिलं. कोंबडी मांडीवर ठेवून तिने दोन्ही हात आभाळाकडे केले आणि बोटं झटकली, जणू काही मागत होती. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली आणि मग हात जवळ आणून नखं तपासू लागली.

तानाजी बघतच राहिला. त्याच्या गावात मुलं हेच करत. बगळ्यांची माळ डोक्यावरून गेली की शाळेच्या वाटेवर सगळी पोरं थांबत, दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत आणि बगळ्याकडे पांढरं फूल मागत. दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका दिसला की तो बगळ्याने दिलेला. तो विचार न करता नखं घासू लागला.

म्हातारीने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि ती हसली, खालचे दोन दात पडलेलं मोकळं हसू. मग तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात ओढून घेतला आणि एकेक नख बघत गेली. अंगठ्याच्या नखावर खरंच एक बारीक पांढरा ठिपका होता. तो तिने बोटाने दोनदा टिचकावून त्याला दाखवला.

त्यानंतर तिने ज्यूस घेतला. दुसरा डबाही संपवला. तानाजीने आत यायची खूण केली तेव्हा ती कोंबडी घेऊन उठली आणि एसीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. तिचा श्वास जाग्यावर आला तसा तानाजीचाही आला. पण ती जाणार कुठे, हा प्रश्न होताच.

शादे एक वाजून दहा मिनिटांनी आली, गणवेशावर ओढणी घेतलेली, हातात दवाखान्याची पिशवी. आल्या आल्या तिने गुडघे टेकून म्हातारीला नमस्कार केला. तिच्याकडे मोठ्यांना तसाच करतात. मग नाडी पाहिली, बोटाला टोचून साखर तपासली. “ठीक आहे,” ती म्हणाली. “दमली आहे, घाबरली आहे, बाकी माझ्यापेक्षा धडधाकट.”

पण बोलणं काही जमेना. शादेने योरुबा बोलून पाहिली, मग बाजारात चालते तसली मोडकी इंग्रजी, मग हौसा या तिकडच्याच दुसऱ्या भाषेचे तिला येत होते ते चार शब्द. म्हातारी दर वेळी नम्रपणे ऐकून मान हलवायची.

“सिस्टर,” तानाजी म्हणाला, “ती आली तेव्हा एक शब्द म्हणाली होती. दोनदा. मला तो आमच्या बोलीतला वाटला, म्हणून नीट लक्षात आहे. कोंबडीकडे बोट करून म्हणाली, आजुवे.”

“आमच्यात आदिये म्हणतात.” शादे थांबली. “आजुवे?”

“आजुवे,” म्हातारी म्हणाली आणि कोंबडी उचलून दाखवली.

शादे उठली. “चल, बाकीची विचारू या.” तिने म्हातारीचा हात धरला आणि तिला पिंजऱ्यांसमोरून नेऊ लागली. प्रत्येक पक्ष्यासमोर थांबायची, आपला शब्द सांगायची आणि भुवया उंचावून वाट बघायची. म्हातारीला हा खेळ लगेच कळला. कबुतरापाशी शादे म्हणाली एयेले, म्हातारी तिचं काही वेगळंच म्हणाली. बदकाला शादेने पेपेये म्हटलं तर म्हातारीने नुसतं नाक मुरडलं. गिनी कोंबडीपाशीही दोघींची नावं जुळली नाहीत. टर्कीपाशी मात्र दोघी एकाच वेळी म्हणाल्या, “तोलोतोलो,” आणि दोघींना हसू फुटलं.

“म्हणजे जुळलं,” मुआज मागून म्हणाला.

“नाही. टर्की आमच्याकडे बाहेरून आली. येताना नाव घेऊनच आली असणार. अर्धा देश तिला तोलोतोलो म्हणतो, त्यावरून काही ठरत नाही,” शादे म्हणाली. “कोंबडी मात्र घरची. तिचं नाव प्रत्येक घराचं आपलं असतं.”

तानाजीला हे पटलं. “आमच्यात पण तसंच आहे. पुण्या-मुंबईचा माणूस कोंबडा म्हणतो, माझ्या गावात कोंबो म्हणतात. कुणी कोंबो म्हणाला की मला कळतं, हा आमच्या बाजूचा.”

शादेने डोळे मिटले आणि तो शब्द स्वतःशीच तीन-चार वेळा म्हटला, वेगवेगळ्या हेलांत. शेवटच्या वेळी जरा खेकसून, कुणाला तरी हाकलल्यासारखा.

“हे मी ऐकलंय,” ती म्हणाली. “रोज पहाटे ऐकलंय.”

नर्सिंगची पदवी झाल्यावर सरकारने तिला एक वर्ष सेवेसाठी इडा नावाच्या गावी पाठवलं होतं. नायजर नदीच्या काठावर, तिच्या घरापासून फार लांब. तिथल्या घरमालकिणीकडे खूप कोंबड्या होत्या. त्या स्वयंपाकघरात शिरल्या की घरमालकीण ओरडत सुटायची, आजुवे, आजुवे. शादे त्या आवाजाने जागी व्हायची. तिथले लोक इगाला. त्यांची भाषा योरुबाची चुलत बहीण, असं शादेला तिथल्या एका शाळामास्तराने समजावलं होतं. खूप पूर्वी एका घरातून निघालेल्या, मग नदीच्या दोन अंगांना वाढलेल्या.

शादे म्हातारीसमोर बसली आणि म्हणाली, “इडा?”

म्हातारीच्या हातून कोंबडी सुटली. तिने दोन्ही हातांनी शादेचे खांदे धरले. “इडा,” ती म्हणाली. “इगाला.” आणि मग तिच्या तोंडून शब्दांचा लोंढा सुरू झाला, त्यातला एकही शादेला कळला नाही, पण आता ती मान हलवत होती आणि म्हातारीही थांबत नव्हती. कोंबडी बांधल्या पायांनी फडफडत खुराड्यामागे गेली, तानाजी तिला पकडायला धावला.

शादेला त्या वर्षात शिकलेलं एकच अभिवादन आठवलं. ते तिने म्हटलं. तेवढ्याने म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता कुणाला तरी फोन करायला हवा,” शादे म्हणाली, पण फोन हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. तानाजीने विचारलं तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, “त्या घरमालकिणीच्या मुलीचा नंबर आहे माझ्याकडे. ओजोमा तिचं नाव. आम्ही एका पलंगावर झोपायचो. मी इथे आले आणि अकरा वर्षांत तिला एकदाही फोन केला नाही. आधी राहून गेलं, मग लाज वाटायला लागली.”

“नंबर तोच असेल?”

“माहीत नाही.”

“मग बघा ना करून,” तानाजी म्हणाला. “तुमच्यासाठी नको. हिच्यासाठी करा.”

शादेने फोन लावला. नायजेरियात तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. चार रिंग झाल्या, पाचवी झाली. मग एका बाईचा आवाज आला. शादेने स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडून इतक्या जोरात हसण्याचा आवाज आला की तो मुआजलाही ऐकू गेला.

“नंतर हस,” शादे डोळे पुसत म्हणाली. “आधी या आईशी बोल.”

म्हातारीने फोन दोन्ही हातांनी धरला. पहिलं वाक्य ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकली. इतका वेळ ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, हे तानाजीच्या तेव्हा लक्षात आलं. दहा मिनिटं ती बोलत होती. मधेच रडली, मधेच कुणावर तरी रागावली, मधेच कोंबडीचं वजन हाताने दाखवलं, जसं काही फोनमधून दिसणार होतं.

ओजोमाने मग सगळं शादेला सांगितलं आणि शादेने यांना. म्हातारीचं नाव उफेदो. तिचा मुलगा अकोजी मस्कतमध्ये एका कंपनीत वेल्डिंगचा सुपरवायझर, माबेला नावाच्या वस्तीत राहतो. सुनेचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती दीड महिन्यापूर्वी आली. पहाटे सुनेला कळा सुरू झाल्या, मुलगा तिला घेऊन इस्पितळात गेला, आईला म्हणाला तू घरीच थांब. घरात बसून तिला राहवेना. बाळंतिणीसाठी मिरीचं कोंबडीचं सूप हवं, आणि फ्रीजमधल्या गोठलेल्या कोंबडीचं ते करायचं नाही, यावर ती ठाम होती. ती रस्त्यावर आली, टॅक्सी थांबली, तिने हातांचे पंख करून ड्रायव्हरला दाखवलं. तो शहाणा निघाला, त्याने तिला बरोबर पक्ष्यांच्या बाजारात आणून सोडलं. तो थांबेल असं तिला वाटलं होतं. तो थांबला नाही. फोन घरी चार्जिंगला लावलेला. मुलाचा नंबर तिला पाठ नाही. घर एका शिंप्याच्या दुकानावर आहे, एवढं तिला सांगता येत होतं.

“माबेलात शिंप्याची दुकानं शंभर असतील,” मुआज म्हणाला.

पण ओजोमा स्वस्थ बसणारी नव्हती. उफेदोच्या खेड्याचं नाव कळल्यावर तिने इडातल्या एका दुकानदाराला विचारलं, त्याने त्या खेड्यातल्या चर्चच्या पाद्र्याचा नंबर दिला, पाद्र्याने चर्चशेजारी राहणाऱ्या उफेदोच्या पुतणीला बोलावून आणलं, आणि पुतणीकडे अकोजीचा ओमानचा नंबर होता. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तानाजीने सूकच्या बोळातून चहा आणि पराठे आणले. उफेदोने एक पराठा खाल्ला, दुसऱ्याचे तुकडे कोंबडीला घातले. पोलिसांची गाडीही येऊन गेली. आतला तरुण शिपाई दारातच थांबला, म्हातारीला खाताना पाहून मुआजला म्हणाला, “घाई नाही. मुलगा आला की आम्हाला कळवा.”

अकोजीचा फोन वाजत होता, पण तो उचलत नव्हता. शादेने तीनदा लावला. मग तिने फोन उफेदोच्या तोंडासमोर धरला आणि तिचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. त्यानंतर सगळे नुसते बसून राहिले. दुपारचं दुकान बंद करायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मुआजने दार अर्धं ओढून घेतलं, पण घरी गेला नाही.

थांबायचंच आहे तर शादे बोलत राहिली. तिच्या लोकांना पूर्वी गुलाम करून समुद्रापार नेलं. क्युबा नावाच्या बेटावर त्यांचे पणतू-खापरपणतू अजून पूजेच्या वेळी कबुतराला एयेले म्हणतात आणि कोंबड्याला आकुको. बाकीची भाषा गेली, देवाजवळची तेवढी राहिली. “माझ्या भावाच्या मुलांना मात्र पिजन आणि रूस्टर,” ती म्हणाली. तानाजीने मान हलवली. या दुकानात पुण्या-मुंबईची मुलं आईवडिलांबरोबर यायची आणि पिंजऱ्यासमोर आपसात इंग्रजी बोलायची, ते त्याला माहीत होतं. पण त्याचं अर्धं लक्ष फोनकडे होतं.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी फोन वाजला.

शादेने तो उचलून स्पीकरवर टाकला. पुरुषाचा आवाज होता, घाबरलेला. “कोण बोलतंय? माझी आई कुठे आहे? मी अकरा वाजल्यापासून तिला फोन करतोय, ती उचलत नाही. मला वाटलं झोपली असेल. मग वाटलं पडली असेल. मी इथून हलू शकत नव्हतो.”

“ती बरी आहे,” शादे सावकाश म्हणाली. “सीबच्या सूकमध्ये आहे, सावलीत आहे, खाऊन बसली आहे. तिची साखर मी तपासली आहे. आता तिच्याशी बोला.”

मुलाचा आवाज ऐकताच उफेदो आधी रागावली. तिचा सूर कुठल्याही भाषेत कळला असता. अकोजीने मधेच तिला थांबवून एक वाक्य म्हटलं. उफेदोने फोन मांडीवर ठेवला, दोन्ही हात वर केले आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. तिने आधी शादेला मिठी मारली, मग तानाजीला, मग काय करावं न कळून मागे सरकलेल्या मुआजसमोर वाकून नमस्कार केला.

“मुलगी झाली,” अकोजी फोनमधून इंग्रजीत सांगत होता. “सकाळी पावणेअकराला. दोघी सुखरूप. तेच सांगायला मी तिला फोन करत होतो.”

तानाजीला हसू आलं. त्याच वेळी ही त्याच्याकडून कोंबडी निवडून घेत होती. सकाळपासून छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला केल्यासारखं त्याला वाटलं. तो एका पोत्यावर बसला.

अकोजी अर्ध्या तासात पोहोचला. रुंद खांद्यांचा, शर्टाची बटणं वरखाली लावलेला, डोळे तांबारलेले. त्याने दारात बूट काढले आणि आईच्या पायांशी बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. उफेदो त्याच्या मानेवर थोपटत राहिली आणि वरून त्याला बरंच काही सुनावत राहिली. तो उठला तेव्हा तानाजी पुढे झाला. आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याने सांगून टाकलं, की सकाळी तुमची आई मला घराचा रस्ता विचारत होती, मला कळलं नाही, मी तिला जाऊ दिलं. माझी चूक झाली.

अकोजीने ते आईला सांगितलं. उफेदोने हात झटकला आणि एकच वाक्य बोलली.

“ती म्हणते,” अकोजी म्हणाला, “मी परत कुठे आले? याच्याकडेच आले ना? बाकीच्या बाजारात मला कुणी ओळखत नव्हतं.” मग तो स्वतःचं म्हणाला, “भाऊ, दार बंद करून घरी बस एवढंच मी तिला सांगितलं होतं. चूक काढायची तर माझी काढा.”

कोंबडी गाडीत घ्यायला तो तयार नव्हता. सूकमध्येच कापून घेऊ, म्हणाला. त्यावर मायलेकरांचा छोटासा वाद झाला आणि आई जिंकली. तानाजीने कोंबडीच्या पायांची दोरी सैल केली, खोक्याला भोकं पाडून त्यात तिला बसवलं आणि खोका मागच्या सीटवर ठेवला. गाडी निघाली तेव्हा उफेदो खिडकीतून या तिघांशी शेवटपर्यंत बोलत होती.

मुआजने पोलीस ठाण्यात फोन करून कळवलं. मग किल्ल्या तानाजीच्या हातात दिल्या. “आज संध्याकाळी पाचला उघड,” तो म्हणाला. “चारला नको. यल्ला, चल, जेव जा.”

शादे अजून गेली नव्हती. चार वाजता तिचा दवाखाना पुन्हा सुरू होणार होता, तरी ती बाहेरच्या बाकड्यावर बसून ओजोमाशी बोलत होती. फोनच्या पडद्यावर आता एक म्हातारी दिसत होती, पांढऱ्या केसांची, शादेच्या नावाने काहीतरी लटकं भांडत असलेली. शादेने तानाजीला बोलावलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

“हीच ती घरमालकीण,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, गेली असेल. त्या भीतीनेही मी फोन करत नव्हते.”

तानाजीने पडद्यातल्या म्हातारीला हात जोडले. म्हातारीनेही जोडले. तिच्यामागे अंगणात पाच-सहा कोंबड्या उकरत होत्या.

तो आत गेला, हात धुतले आणि डबा उघडला. भात थंडगार झाला होता, बांगड्याचं तिखलं गोठून घट्ट झालं होतं. सकाळी सहाला एक कप चहा घेतल्यावर पोटात काही गेलं नव्हतं, आणि इतका वेळ ते जाणवलंही नव्हतं. आता भूक अशी लागली होती की त्याने डबा गरम करायचीही वाट पाहिली नाही. पोत्यावर बसून त्याने सगळा भात संपवला, मग सुरेखाला फोन लावला आणि म्हणाला, “गे, आज काय झाला ता आयक.”